नळीवरचं कुंकू

माझा राग कसा होता ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. शाळेत पेन्सिलीचं टोक मोडलं तर मी अख्खी पेन्सिल मोडायचो. सायकलची चेन उतरली की सायकलला लाथ. आई म्हणायची, "ह्याच्या येळेला मी तिखट लय खाल्लं असंल." आणि असल्या माणसाला विसाव्या वर्षी विमान चालवायची हौस आली. आता बोला!

हौस आली ती कराडच्या धावपट्टीमुळं. आमचं गाव मलकापूरच्या पलीकडं, बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. वडील पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर यायचे. ऊस, बैल, पाण्याची पाळी सगळं आईच बघायची. मीही सैन्यात जाणार हे घरात धरूनच चाललेलं होतं, पण निवडीला दोनदा गेलो आणि दोनदा घरी आलो. दुसऱ्या वेळी तर मुलाखतीत साहेबांशीच हुज्जत घातली. त्या सुमारास, म्हणजे एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील, धावपट्टीवर एक छोटा क्लब विमान शिकवायचा. एक रोजचं विमान, एक जुनं, बहुतेक उभंच असलेलं, एक मिस्त्री आणि एक शिकवणारे सर. मी जाऊन नाव घातलं. इथं जमलं नाही तर आपल्याला कुठंच काही जमणार नाही, असं मी मनाशी घट्ट धरून बसलो होतो.

सर हवाई दलातनं निवृत्त झालेले. घर सांगलीला, विश्रामबागेत. सोमवारी मोटारसायकलवर कराडला यायचे, शनिवारी परत. अंगानं किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, उलट ओरडता तरी आलं असतं.

विमान दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. पंख कापडाचे. दोघांच्याही गुडघ्यांमध्ये एकेक दांडा. पुढं ढकलला की नाक खाली, मागं ओढला की नाक वर. समोर चार-पाच तबकड्या: वेगाची, उंचीची, इंजिनाच्या फेऱ्यांची, वळण दाखवणारी. पहिल्याच दिवशी सरांनी खिशातलं पोस्टकार्ड काढून वेगाच्या तबकडीवर धरलं आणि विचारलं, "किती?"

"तुम्ही झाकल्यावर कसं सांगू?"

"हाताला विचार. या दांड्यावर बाहेरचा वारा बसलेला असतो. वेग वाढला की दांडा ताठ होतो, जड लागतो. वेग पडला की ढिला होतो, ताकात रवी फिरवल्यासारखा. आणि कान उघडे ठेव. वेग आहे तोवर वारा शिट्टी घालतो. शिट्टी बारीक झाली की समज, आता पंख हवा सोडणार आणि आपण दगडासारखे खाली जाणार. त्याच्याआधी विमान थरथरून एकदा सांगतं. ते ऐकायला आलं पाहिजे."

मी हाताला विचारलं. हात काही बोलेना. मी ठोकून दिलं, "ऐंशी." पोस्टकार्ड उचललं तर काटा पंचावन्नवर. असं आठवडाभर चाललं. शेवटी सर म्हणाले, "तू त्याचा गळा आवळून धरलायस, तो बोलणार कसा?" खाली बघितलं तर माझ्या बोटांची पेरं पांढरी पडलेली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळं उलटंच केलं. माझ्या डोक्यावर कॅनव्हासची अशी टोपी चढवली की बाहेरचं काही दिसू नये, दिसल्या तर फक्त तबकड्या. म्हणाले, सरळ ने. मी सरळ नेत होतो, अगदी देवाशपथ सरळ! अंगाला सरळ लागत होतं, बुडाला सरळ लागत होतं. काटा मात्र म्हणत होता की डावीकडं वळतोयस. मी ठणकावलं, "सर, तुमचा काटा बिघडलाय." त्यांनी टोपी काढली. कृष्णा-कोयनेचा संगम समोर असायला हवा होता, तो माझ्या पाठीमागं गेला होता.

मी भडकलो. "परवा म्हणालात हात खरा, आज म्हणता काटा खरा. एक काय ते सांगा की!"

"एकट्याचं कुणाचंच ऐकायचं नाही," सर म्हणाले. "बाहेरचं दिसत नसलं की अंग वळणाच्या बाबतीत फसवतं, तिथं काट्यांकडं बघायचं. वेगाच्या बाबतीत हात सहसा फसत नाही. आणि एकजण वेगळं बोलायला लागला की लगेच बाकीच्यांना विचारायचं: हाताला, कानाला, दुसऱ्या काट्यांना, समोरच्या क्षितिजाला. चौघं एक बोलत असतील तर पाचव्याचं सोडून द्यायचं. पण विचारायला डोकं थंड लागतं, आणि ते तुझ्याकडं नाही."

आणि ते खरंच नव्हतं. चार दिवसांनी उतरताना मी विमान असं आदळलं की मिस्त्री झोपडीतनं पळत बाहेर आला. मी उतरायच्या आधीच म्हणालो, "वारा फिरला, सर." धावपट्टीच्या कडेला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते, तिच्याकडं सरांनी फक्त बोट केलं. पिशवी मेल्यासारखी लोंबत होती.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझा हात जड आहे, ते सुधारता येईल. पण चुकलं की तू वाऱ्यावर ढकलतोस, विमानावर ढकलतोस. खोटं सांगणारा माणूस विमानात खोट्या काट्याइतकाच वाईट. दसऱ्यापर्यंत तुला वेळ. त्या दिवशी एकटं सोडण्याजोगा वाटलास तर सोडीन, नाही वाटलास तर नाव काढीन. बाहेर चार पोरं थांबलीत. आणि तोवर आणखी एक कारण ऐकवलंस, तर दसऱ्याचीही वाट बघणार नाही."

रात्रभर मी सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. सकाळी मात्र गाडी जोडून धावपट्टीवर गेलो, कारण आईला कराडात पेंडीची पोती घ्यायची होती. आईनं गाडी कुंपणाशी उभी केली. सर तिच्याकडं बघत राहिले. तिच्याकडं म्हणजे तिच्या हाताकडं. कासरा तिनं दोन बोटांत धरला होता, वर अंगठा नुसता टेकवलेला. सर मला म्हणाले, "आठ दिवस इथं येऊ नकोस. आईची गाडी हाक. दोन बोटांनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विमान शिकायला आलो आणि हा माणूस मला बैल हाकायला लावतोय! आईला मात्र हसू आवरेना. "शिकीवते चल," म्हणाली.

आठ दिवस मी गाडी हाकली. पहिल्या दिवशी बैलांनी मला दोनदा ओढ्यात नेलं. मी कासरा खेचला की ते मान ताठ करायचे, मी चिडलो की तेही चिडायचे. आई शेजारी बसून म्हणायची, "तू वडतुयास म्हनून त्यो बी वडतुय. ढिलं सोड की रं जरा, बघ त्यो काय म्हंतुय." पाचव्या-सहाव्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की उजवा बैल वळायच्या आधी कासऱ्यात अगदी बारीक काहीतरी होतं. ओढ नव्हे, ओढीच्या आधीचं. मी आईला सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. "मग? मी काय डोळं झाकून हाकतीया व्हय?"

नवव्या दिवशी सरांनी पोस्टकार्ड धरलं आणि विचारलं, "किती?" मी दोन बोटांनी दांडा धरला होता. म्हणालो, "साठ. नाही, साठाला थोडा कमी." काटा अठ्ठावन्नवर. सरांनी पोस्टकार्ड खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला इतका आनंद झाला की पुढच्याच मिनिटाला मी शंभर फूट उंची घालवली.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी कोयत्या-विळ्यांपासून पंपाच्या इंजिनापर्यंत सगळ्यांची पूजा. आई म्हणाली, "मग इमानाची कोन करनार?" ताट घेऊन ती धावपट्टीवर हजर. सरांनी हरकत घेतली नाही. तिनं पंख्याला हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं. आता गोम अशी की, महिनाभर मी घरी तिच्यापुढं शहाणपणा मिरवला होता. पंखाखाली एक पितळी नळी पुढं आलेली असते, तिच्या तोंडातनं वारा आत जातो आणि त्यावरच वेगाचा काटा चालतो, हे तिला अगदी हात हलवून हलवून सांगितलं होतं. ते तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. "ती नळी कंची? तिला लाव की चांगलं. तिच्यावर तर तुजा जीव हाय."

तिचा हात तिथवर पोचेना. मीच नळीचं कापडी टोपण काढलं, ओलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि नळीच्या तोंडाला सढळ हातानं लावलं. वर टोपण परत घट्ट चढवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी स्वच्छ ऊन, वारा नाही. आई कुंपणाशी आपट्याची पानं घेऊन उभी. सरांनी मला बरोबर घेऊन दोन फेऱ्या मारल्या, त्याही मिस्त्र्यानं दुरुस्त केलेल्या त्या जुन्या विमानातनं, जे एरवी उभंच असायचं. उतरल्यावर म्हणाले, "जा. आपलं नेहमीचं घे, त्यातच तुझा हात बसलाय. एक फेरी मारून ये. आधी सगळं तपासून घे, मी बघणार नाही."

मी तपासलं. चाकं, तेल, दोऱ्या. नळीचं लाल टोपण काढून खिशात कोंबलं. नळीच्या तोंडाभोवती कालचं कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. तोंड मोकळं आहे का हे बघायचं असतं, बोटानं पुसून, डोळा लावून. हे मला शंभरदा सांगितलेलं. माझं बोट वर गेलंसुद्धा. पण पूजेचं कुंकू, तेही दसऱ्याच्या दिवशी, आई समोर उभी असताना, पुसायचं कसं? माझ्यानं पुसवेना. त्यातलं चिमूटभर निघालं ते मी कपाळाला लावलं, नळीला नमस्कार केला आणि आत जाऊन बसलो. असला शहाणा मी!

धावायला लागलो तेव्हा काटा जरा आळसावून हलला, पण हलला. पन्नासवर चाकांनी जमीन सोडली. शेजारची जागा रिकामी. मी मोठ्यानं ओरडलो, काय ओरडलो ते सांगण्यासारखं नाही.

शंभर फुटांवर काटा सत्तर दाखवायला लागला. चढताना साठ हवा. म्हणून मी नाक थोडं वर घेतलं. दोनशे फुटांवर काटा नव्वद. अरे! मी नाक आणखी वर घेतलं. काटा शंभराकडं निघाला. मला राग आला, जुना, ओळखीचा राग. मूठ आवळली गेली आणि मी दांडा पोटाशी ओढला.

तेवढ्यात जाणवलं की दांडा सहज येतोय. फार सहज. ताकातल्या रवीसारखा. शिट्टी ऐकू येत नव्हती, नुसतं इंजिन. आणि बुडाखाली पंख बारीक थरथरले.

खाली ऊस दिसत होता, तुऱ्यासकट. काटा म्हणत होता, भरधाव चाललायस. मी मूठ उघडली. खरंच सांगतो, सगळ्यात अवघड काम तेच होतं, मूठ उघडणं. दोन बोटं ठेवली आणि दांडा हळूच पुढं दिला. विचारायला लागलो. क्षितिज, तू काय म्हणतोस? क्षितिज नाकाच्या पार खाली गेलेलं. कान? शांत. इंजिनाचा काटा? नेहमीसारखा. हात? ढिला. चौघं एक बोलत होते, पाचवा एकटा बोंबलत होता. नाक खाली आलं, शिट्टी परत सुरू झाली, दांड्यात वजन आलं. माझा जीव भांड्यात पडला.

आठशे फुटांवर काटा तबकडीच्या शेवटाला जाऊन टेकला. त्याच्याकडं डोळे जातच होते, म्हणून झाकायला काहीतरी शोधलं. खिशात लाल टोपण होतं. ते बाहेर काढलं, उलटं झालं, आणि आतल्या बाजूला वाळलेल्या हळदकुंकवाचा गोल ठसा दिसला. टोपण चढवताना मीच ते ओलं कुंकू नळीच्या तोंडात दाबून बसवलं होतं, आणि वाऱ्यानं ते आत ढकलून बूच मारलं होतं. आत कोंडलेली हवा तेवढीच, बाहेरची हवा उंचीवर विरळ, म्हणून काटा चढत होता. तो वेग सांगतच नव्हता, उंची सांगत होता. मी ते टोपण तबकडीवर अडकवलं आणि पुन्हा तिकडं बघितलं नाही.

उतरताना मी मोठमोठ्यानं बोलत होतो, "ढिलं सोड, ढिलं सोड." दांड्याचं वजन साठाचं, शिट्टी साठाची. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

सर चालत आले, नेहमीपेक्षा भरभर. "चढताना नाक तेवढं वर कुणी शिकवलं तुला?" मी तबकडीवरचं टोपण काढलं. विमान जागेवर उभं, आणि काटा पन्नासवर. सरांनी तो बघितला, मग पंखाखाली जाऊन टाचा उंचावल्या आणि नळीच्या तोंडावरनं नख फिरवलं. म्हणाले, "कुंभारमाशी असणार. नळीत मातीचं घर करते. एका रात्रीत करते. तुझा दोष नाही."

आता बघा. मला काही बोलायचंच नव्हतं. नुसती मान हलवायची होती. एकटा उडालो होतो, उतरलो होतो, नाव राहणार होतं. वर आईचं नावही निघालं नसतं. कुंपणाशी ती पदर सावरत उभी होती.

"माशी नाही, सर," मी म्हणालो. "कुंकू आहे. मी लावलं. सकाळी तिथं दिसलं होतं. पुसायला बोट नेलं आणि पुसलं नाही. चूक माझी."

सरांनी मिस्त्र्याकडनं बारीक तार मागून घेतली, नळी साफ केली. लालपिवळा एक तुकडा हरभऱ्याएवढा त्यांच्या तळहातावर पडला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"मला माहीत होतं," म्हणाले. "माझ्याही नखाला लागलंय कुंकू. बघत होतो, माशीवर ढकलतोस का."

मी तो तुकडा खिशात ठेवला.

"हात बरा आहे तुझा," सर म्हणाले. "तोंडही सुधारलंय. जा, आणखी एक फेरी मार. नळी बघून जा." आणि तोंड फिरवून चालायला लागले.

दुसऱ्या फेरीत काटा आणि हात एकच बोलत होते. वरनं कराड, संगम, महामार्गावरच्या मोटारी सगळं दिसलं. पहिल्या फेरीत ह्यातलं काहीच बघितलं नव्हतं. मी रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. न सांगता राहवलं नसतं. ती गाडीच्या जुवावर बसली, हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. "मीच म्हनाले लाव म्हनून," एवढंच बोलली. सरांनी तिच्याकडनं पानं मागून घेतली, म्हणाले, "ताई, उतरला तो तुमच्या हातानं. दोन बोटांनी धरला होता दांडा, मी खालनं बघितलं." खालनं काही दिसत नसतं. आईला ते खरं वाटलं, आणि मीही काही बोललो नाही.

तरी वर्षभर ती धावपट्टीकडं फिरकली नाही. मी बोलावलं तरी कामाचं निमित्त सांगायची.

पुढच्या खंडेनवमीला मात्र ताट घेऊन आली. बरोबर घरातलं लाकडी स्टूल. पंख्याला हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं. नळीला लावलं नाही. मला म्हणाली, "हात फुडं कर." माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना तिनं हळद लावली, कुंकू लावलं. मग स्टूल पंखाखाली ओढलं, त्यावर चढली, नळीचं टोपण काढलं आणि पदराच्या टोकानं नळीचं तोंड पुसलं. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला.

"मोकळी हाय," ती म्हणाली. "जा आता."